स्लिम यांच्या बढत्यांचा हिशेब कसा लावायचा

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेल्या १४ व्या आर्मीचे ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम १९३८ पर्यंत जेमतेम लेफ्टनंट कर्नल झाले होते आणि १९४५ मध्ये ते पूर्ण जनरल होते. सात वर्षांत एवढ्या बढत्या कशा? आणि १९३९ साली एका ठिकाणी त्यांना कर्नल म्हटलेलं दिसतं, दुसऱ्या ठिकाणी ब्रिगेडियर. यातलं खरं कोणतं?

दोन्ही खरी आहेत. ब्रिटिश सैन्यात अंगावर असलेला हुद्दा, हाती असलेलं पद आणि पगार-पेन्शनच्या वहीतला हुद्दा या तीन वेगळ्या गोष्टी असतात. महाराष्ट्रात ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागू नये. ‘प्रभारी’ मुख्याध्यापक वर्षानुवर्षं शाळा चालवतो, मुख्याध्यापक म्हणून सह्या करतो, आणि पगारपत्रकावर सहशिक्षकच राहतो. स्लिम यांची युद्धातली कारकीर्द बरीचशी अशीच, फक्त शाळेच्या जागी आधी ब्रिगेड, मग डिव्हिजन, मग कोअर, प्रत्येक आधीच्याहून मोठी फौज.

हुद्द्यांचा चढता क्रम असा: सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल, फील्ड मार्शल. आधी त्या काळचे हुद्द्यांचे प्रकार, कारण ते कळले की निम्म्या तारखा आपोआप जुळतात.

कायम हुद्दा हा खरा पाया. ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन यावर ठरतं, आणि शिक्षा झाल्याशिवाय तो काढून घेता येत नाही. हंगामी हुद्दा पदाबरोबर येतो, पगारासकट, आणि पद सुटलं की जातो. प्रभारी हुद्दा त्याहून कच्चा: नवी जबाबदारी घेतल्याबरोबर खांद्यावर चढतो आणि ठराविक मुदत पार पाडल्यावर हंगामी होतो. स्थानिक हुद्दा विशिष्ट प्रदेशापुरता किंवा नेमणुकीपुरता असतो आणि बहुधा बिनपगारी. दुसऱ्या महायुद्धात यात ‘युद्धकालीन कायम’ अशी आणखी एक पायरी आली. वरच्या हुद्द्यावर पुरेसा काळ काढलेल्या अधिकाऱ्याला त्याच्या खालचा हुद्दा युद्ध संपेपर्यंत हमखास मिळे. म्हणजे डिव्हिजन हातातून गेली तरी माणूस थेट १९३९ च्या हुद्द्यावर आपटत नसे.

सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो ब्रेव्हे. ब्रेव्हे मेजर म्हणजे पलटणीत कॅप्टन, पण सैन्याच्या एकूण यादीत मेजर. पलटणीच्या मेसमध्ये आणि कवायतीत त्याची जागा कॅप्टनचीच. पण अनेक पलटणींचे अधिकारी एकत्र आले, किंवा स्टाफवरच्या, म्हणजे मुख्यालयातल्या नियोजनाच्या, नेमणुकीचा विचार निघाला, की ब्रेव्हेची तारीख मोजली जाई. लहान पलटणींत वरच्या जागा रिकाम्या होत नसल्याने हुशार अधिकारी तुंबून राहत. त्यांना पुढे ओढायचा हा सरकारी मार्ग होता. म्हणून ब्रेव्हे दिसला की समजायचं, वरच्या कोणाचं तरी या माणसाकडे लक्ष आहे.

ब्रिगेडियर हा तर त्या काळी हुद्दाच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिगेडियर-जनरल हा हुद्दा रद्द झाला आणि १९२८ पासून ‘ब्रिगेडियर’ ही नेमणूक म्हणून आली. कायम हुद्दा म्हणून तिला मान्यता मिळाली ती १९४७ मध्ये. त्यामुळे १९३९ चा कोणताही ब्रिगेडियर कागदावर कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल असतो, आणि तिथून तो मेजर जनरल होतो तेव्हा कायम यादीत मध्ये एकही पायरी नसते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता स्लिम.

जन्म ६ ऑगस्ट १८९१, ब्रिस्टॉल. बालपण पुढे बर्मिंगहॅमला गेलं. घरी सँडहर्स्टच्या लष्करी अधिकारी विद्यालयात पाठवण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी काही काळ प्राथमिक शाळेत शिकवलं, मग एका धातूच्या कारखान्यात कारकुनी केली. विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही १९१२ मध्ये ते बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण दलात शिरले. युद्ध सुरू होताच २२ ऑगस्ट १९१४ रोजी ते रॉयल वॉरविकशर रेजिमेंटच्या ९ व्या बटालियनमध्ये हंगामी सेकंड लेफ्टनंट झाले. ‘हंगामी’ या शब्दाकडे नीट पाहा. लॉर्ड किचनर यांच्या नव्या सैन्यातल्या या अधिकाऱ्यांची कमिशनं युद्धापुरतीच होती. ती धरून ज्येष्ठता मोजली की पुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि ही चूक फार ठिकाणी झालेली आहे.

ऑगस्ट १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत सारी बेअरच्या कड्यावर ते जबर जखमी झाले. त्याच कड्यावर ६ व्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन लढत होती. पुढे त्यांनी हीच पलटण निवडली, तो योगायोग नाही. गॅलिपोलीनंतर त्यांना कायम कमिशन मिळालं ते वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटतं: बर्मिंगहॅमचा माणूस कॅरिबियन पलटणीत कशाला? कारण साधं आहे. इंग्लंडातल्या बहुतेक पलटणींत मेसचा खर्च, घोडा, गणवेश हे सगळं पगारात भागत नसे, घरून पैसे लागत. केवळ पगारावर जगता येईल अशा ज्या थोड्या जागा होत्या त्यांतली ही एक. प्रत्यक्षात स्लिम तिकडे सेवेला गेलेच नाहीत. १९१६ मध्ये ते आपल्या जुन्या ९ व्या वॉरविकशर बटालियनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पोहोचले, १९१७ मध्ये पुन्हा जखमी झाले, त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, आणि उपचारांसाठी हिंदुस्थानात आले.

इथूनच खरी कारकीर्द सुरू होते. १९१९ मध्ये कॅप्टन म्हणून त्यांची बदली हिंदी सैन्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या सैन्यात, झाली आणि १९२० मध्ये ते अबोटाबादला ६ व्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनमध्ये रुजू झाले. कारण पुन्हा तेच, हिंदी सैन्यात पगारावर भागत असे. पण त्या बदल्यात बढती घड्याळाच्या काट्यावर चाले. हिंदी सैन्याच्या कालबद्ध पद्धतीत मेजर व्हायला १८ वर्षं आणि लेफ्टनंट कर्नल व्हायला साधारण २६ वर्षं सेवा लागे. तुम्ही कितीही हुशार असलात तरी कायम हुद्दा त्याच गतीने सरके. स्लिम १९१९ मध्ये कॅप्टन झाले ते १९३३ पर्यंत कॅप्टनच राहिले. चौदा वर्षं! १९३० मध्ये ब्रेव्हे मेजर, १९३३ मध्ये कायम मेजर. ज्यांना ही पद्धत माहीत नाही ते इथे लिहितात की ‘या काळात त्यांची प्रगती खुंटली’. खुंटली वगैरे काही नाही. १९१५ पासून १८ वर्षं मोजली की १९३३ च येतं.

मग या काळात वेगळेपण कुठे शोधायचं? नेमणुकांत आणि नावापुढच्या बारीक अक्षरांत. सैन्ययादीत नावाजवळ ‘पी.एस.सी.’ अशी छोटी खूण असते. आपल्याकडच्या वाचकाला लोकसेवा आयोग आठवतो, पण इथे तिचा अर्थ ‘स्टाफ कॉलेज उत्तीर्ण’. हिंदी सैन्याचं स्टाफ कॉलेज १९०५ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत सुरू झालं होतं. १९०७ मध्ये ते क्वेट्ट्याला गेलं. स्लिम १९२६ ते १९२८ क्वेट्ट्याला होते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेशासाठी स्पर्धा परीक्षा, थोड्याच जागा. ती खूण नसेल तर अधिकाऱ्याला वरच्या स्टाफ नेमणुका मिळणं फार अवघड, आणि त्या नसतील तर ब्रिगेडच्या पुढे जाण्याची आशा जवळपास नाही.

त्यानंतर दिल्ली-सिमल्याला सैन्य मुख्यालयात काम. मग १९३४ पासून इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात शिक्षक. ही नेमणूक मला क्वेट्ट्याहून मोठी वाटते. कॅम्बर्लीत हिंदी सैन्याचे शिक्षक मोजके असत, आणि तिथे शिकवणाऱ्याची ओळख ब्रिटिश सैन्यातल्या पुढच्या पिढीच्या सगळ्या होतकरू अधिकाऱ्यांशी होई. १९३७ मध्ये लंडनचं इंपीरियल डिफेन्स कॉलेज, म्हणजे ‘आय.डी.सी.’ ही दुसरी खूण. तिथे तिन्ही दलांचे आणि मुलकी सेवेचे लोक एकत्र बसत. तिथे पाठवलेला मेजर हा वरच्यांच्या हिशेबात जनरल होण्याचा उमेदवारच असे. पैशाची ओढाताण मात्र संपली नव्हती. या वर्षांत ते अँथनी मिल्स या टोपणनावाने मासिकांत गोष्टी लिहून घरखर्चाला हातभार लावत होते.

१९३८ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, ते लेफ्टनंट कर्नल झाले आणि ७ व्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे प्रमुख म्हणून शिलाँगला गेले. काळाच्या हिशेबाने ही बढती थोडी आधीच मिळाली, पण वयाच्या हिशेबाने उशिरा. बटालियन मिळण्याच्या वयाची मर्यादा जवळ आलेली होती. ती टळली असती तर मेजर म्हणून पेन्शन घेऊन घरी, एवढंच उरलं असतं.

वर्षभरात, जून १९३९ मध्ये, बेळगाव. तिथे सीनियर ऑफिसर्स स्कूल होतं. बटालियन हाती घेण्याच्या बेतात असलेल्या मेजरांना तिथे तयार करत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेलं बेळगाव आपल्याला माहीत आहे, ही शाळा त्यामानाने विसरली गेली. स्लिम तिथे कमांडंट झाले. कायम हुद्दा कर्नल, नेमणुकीमुळे ब्रिगेडियर. तुम्हाला दोन ठिकाणी दिसलेले दोन हुद्दे याच काळातले. बेळगावात ते काही महिनेच राहिले. युद्ध सुरू होताच सप्टेंबरमध्ये त्यांना १० वी हिंदी इन्फंट्री ब्रिगेड मिळाली.

आता सात वर्षांचा हिशेब. १९३८ पर्यंतची २४ वर्षं आणि नंतरची सात यांची तुलना अन्यायाची आहे, कारण दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. शांततेत कायम हुद्दा वेळेनुसार सरकतो. युद्धात सैन्य अनेक पटींनी फुगतं, पदं तितकीच वाढतात, आणि पदाबरोबर प्रभारी हुद्दा लगेच मिळतो. त्या पदांवर बसवायला दोन्ही खुणा असलेले, पन्नाशीच्या आतले अधिकारी हिंदी सैन्यात किती होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी फार नव्हते. त्यामुळे स्लिम वर गेले यात नवल कमी आहे. ते वर टिकले यात जास्त आहे, कारण त्यांची गच्छंती होण्याचे प्रसंग निदान तीन आले.

पहिला गल्लाबतचा. सुदान आणि इथिओपियाच्या सरहद्दीवरचा हा किल्ला नोव्हेंबर १९४० मध्ये स्लिम यांच्या ब्रिगेडने घेतला, पण समोरचं मेटेम्मा घेता आलं नाही. मदतीला दिलेल्या रणगाड्यांपैकी बरेच सुरुंगांनी आणि खडकांनी निकामी केले, लढाऊ विमानं इटालियनांनी पाडली, आणि बाँबहल्ल्याखाली एका ब्रिटिश बटालियनचे लोक मागे पळाले. स्लिम यांनी पुन्हा हल्ला न करता माघार घेतली. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं की तो निर्णय चुकला, शत्रूचीही अवस्था वाईट होती. त्या बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरला त्यांनी दूर केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. जानेवारी १९४१ मध्ये एरिट्रियात इटालियन विमानांच्या माऱ्यात ते तिसऱ्यांदा जखमी झाले.

गल्लाबतचं ओझं डोक्यावर असूनही मे १९४१ मध्ये १० वी हिंदी डिव्हिजन मिळाली ती आधीचे प्रमुख आजारी पडले म्हणून, आणि स्लिम इराकमध्येच स्टाफवर हजर होते म्हणून. आधी कुठे, कोणाच्या हाताशी आहात याचं महत्त्व युद्धात फार. इथे हुद्दा प्रभारी मेजर जनरल. इराक, सिरियात देर एझ-झोर, मग इराण. ही मोहीम लहान, पण रसद आणि वाहनं यांची ओढाताण कशी सांभाळायची याचा धडा तिथेच मिळाला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर त्यांना ब्रह्मदेशात बर्मा कोअर दिली. प्रभारी लेफ्टनंट जनरल. कोअर म्हटलं की डोळ्यांसमोर मोठं मुख्यालय येतं. इथे पुरेसा स्टाफ नव्हता, दळणवळण तुटपुंजं, विमानांचं संरक्षण जवळपास शून्य. १७ व्या हिंदी डिव्हिजनचे कोवन आणि १ ल्या बर्मा डिव्हिजनचे स्कॉट, दोघेही त्यांच्याच ६ व्या गुरखा पलटणीतले. एका कोअरचे तिघेही वरिष्ठ एका बटालियनच्या मेसमधले! याला नशीब म्हणा की हिंदी सैन्याचं लहानपण, पण त्या माघारीत एकमेकांचे शब्द न बोलता कळणं उपयोगी पडलं. मे महिन्यात पावसाच्या तोंडावर फौज इंफाळला पोहोचली. जास्त लांबलेली, पण शिस्त न सुटलेली माघार. त्याबद्दल त्यांना सी.बी.ई. हा किताब मिळाला.

दुसरा प्रसंग १९४३ चा, आणि कारकीर्द वाचणाऱ्याने तो पूर्ण समजून घ्यावा. स्लिम आता १५ व्या कोअरचे प्रमुख होते, वर ईस्टर्न आर्मीचे प्रमुख नोएल अर्विन. अर्विन हे एसेक्स रेजिमेंटचे. गल्लाबतला ज्यांचा कमांडिंग ऑफिसर दूर झाला ती बटालियन एसेक्सचीच. दोघांची पहिल्यापासून खणाखणी होती. अर्विन अपमानकारक बोलतात अशी तक्रार स्लिम यांनी तोंडावर केली, तेव्हा आपण वरिष्ठ असल्यामुळे आपलं बोलणं उद्धट ठरूच शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानमध्ये दोनबाइकच्या जपानी बंकरांवर अर्विन यांनी समोरून हल्ल्यावर हल्ले करवले. ते सगळे फसले, आणि सगळं बिघडल्यावर एप्रिलमध्ये मोर्चा स्लिम यांच्या हवाली केला. स्लिम यांना माघार घ्यावी लागली. पराभवाचं खापर त्यांच्यावर फुटणार हे जवळपास ठरलेलं होतं. पण मे अखेरीस हटवले गेले ते अर्विन. जागी जॉर्ज गिफर्ड आले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये १४ वी आर्मी उभी राहिली ती स्लिम यांच्या हाताखाली.

१४ व्या आर्मीत त्यांनी काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लढायांचा पाढा वाचत नाही. प्रमुख म्हणून त्यांचं मूल्य मात्र दोन आकड्यांत दिसतं. १९४३ मध्ये जखमेमुळे मागे पाठवलेल्या दर एका सैनिकामागे आजारी म्हणून १२० जण मागे जात होते. मलेरियाचं प्रमाण एकूण बळाच्या वर्षाला ८४ टक्के होतं. स्लिम यांनी मलेरियावरच्या मेपाक्रीनच्या गोळ्या घेतल्या जातात की नाही हे पलटणींत अचानक जाऊन तपासायला लावलं. ९५ टक्क्यांहून कमी लोकांनी गोळी घेतलेली आढळली की कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांची झाल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला. १९४५ मध्ये आजाऱ्यांचं प्रमाण दिवसाला हजारी एकपर्यंत खाली आलं. जनरल होणं म्हणजे नकाशावर बाण काढणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

महाराष्ट्राचा खरा धागाही इथेच. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या वाटेवर सांगशाक इथे जपान्यांना जे काही दिवस थोपवून धरलं गेलं, त्यात ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. ते दिवस इंफाळ आणि कोहिमाच्या बचावाला फार मोलाचे ठरले. सांगशाकच्या वाटेवरून जपानी येतील हा अंदाज वरच्यांना वेळेत आला नव्हता, आणि कोहिमाकडे किती मोठी फौज येईल याबाबतही स्लिम चुकले होते. तेही त्यांनी नंतर मान्य केलं. डिसेंबर १९४४ मध्ये इंफाळला व्हाइसरॉय वेव्हेल यांनी स्लिम आणि त्यांच्या तिन्ही कोअर कमांडरांना नाइट केलं.

तिसरा प्रसंग सगळ्यात चमत्कारिक. मार्च १९४५ मध्ये मेइक्तिला आणि मंडाले घेतलं, ३ मे रोजी रंगून हाती आलं, आणि त्याच आठवड्यात दक्षिण-पूर्व आशियातल्या दोस्त भूदलांचे प्रमुख ऑलिव्हर लीझ यांनी मेइक्तिलाला येऊन स्लिम यांना सांगितलं की १४ वी आर्मी आता फिलिप क्रिस्टिसन यांच्याकडे जाईल. स्लिम थकले आहेत असं लीझ यांचं मत. त्यांना ब्रह्मदेशात राहणारी नवी १२ वी आर्मी देऊ केली. जिंकलेल्या सेनापतीला मागच्या कामाला लावणं, दुसरं काय? स्लिम यांनी ती नाकारली आणि निवृत्ती घेतो म्हणून सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, पण बातमी पसरली तशी १४ व्या आर्मीच्या मुख्यालयात संतापाची लाट उठली. लंडनमध्ये सैन्यप्रमुख अॅलन ब्रुक भडकले, कारण त्यांना विचारलंच नव्हतं. लीझ यांनी आपले वरिष्ठ, दक्षिण-पूर्व आशियातले सरसेनापती माउंटबॅटन यांच्या बोलण्याचा ओढूनताणून अर्थ लावला होता. शेवट असा की जुलैमध्ये लीझच गेले आणि त्यांची जागा स्लिम यांना मिळाली.

आता तारखा बघा. जनरलचा हुद्दा १ जुलै १९४५, नव्या पदाचा ताबा १६ ऑगस्ट १९४५. हुद्दा आधी, पद नंतर, म्हणजे १९४१ च्या अगदी उलट. कोणी तुम्हाला ‘पद मिळालं तीच बढतीची तारीख’ असं सांगितलं तर हे उदाहरण पुढे करा.

हे स्वतः तपासायचं असेल तर काम या क्रमाने करा. पहिल्यांदा दि लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. ते इंटरनेटवर फुकट पाहता येतं. प्रत्येक नोंदीत दोन तारखा असतात, अंक छापल्याची आणि बढती लागू झाल्याची. दुसरी धरायची. हिंदी सैन्याच्या नोंदी इंडिया ऑफिसमार्फत, म्हणजे लंडनमधल्या हिंदुस्थानविषयक सरकारी खात्यामार्फत येत, त्यामुळे छपाई कित्येक महिने मागे असते. काही बढत्या मागच्या तारखेपासून दिलेल्या असतात, आणि तिथे ‘ज्येष्ठता अमुक तारखेपासून’ अशी शेपटी असते. ती शेपटी वगळली की हिशेब बिघडतो. नाव शोधताना फक्त आडनाव टाकू नका, ‘स्लिम’ हा साधा शब्द असल्याने वाटेल ते हाती लागतं. आद्याक्षरं आणि पलटण जोडा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं सर्रास चुकतात, म्हणून न सापडणं म्हणजे नोंद नसणं नव्हे. अशा वेळी त्या महिन्यातल्या हिंदी सैन्याच्या नोंदींची पानं डोळ्यांनी चाळायची.

दुसरं, त्रैमासिक हिंदी सैन्ययादी. लागोपाठचे अंक शेजारी ठेवून एकच नाव पाहिलं की कायम हुद्दा, ब्रेव्हे, नेमणूक आणि नावापुढच्या खुणा कधी बदलल्या ते दिसतं. यादी नेहमी प्रत्यक्ष बदलांच्या मागे असते, म्हणून तिच्यावरून नेमका दिवस ठरवू नका, फक्त दोन अंकांच्या मधली मुदत ठरवा आणि दिवस गॅझेटमधून घ्या. तिसरं, मूळ फायली: पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४ या मालिकांत, पदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये, तर हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे सेवा-अभिलेख ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात. आत्मचरित्र सगळ्यात शेवटी. स्लिम यांचं युद्धवर्णन विलक्षण प्रामाणिक आहे, पण बढतीच्या तारखा द्यायला ते लिहिलेलंच नाही.

तारीख नसलेला कागद हाती आला तर नावापुढचे किताब उपयोगी पडतात. १९४२ नंतर सी.बी.ई., १९४४ नंतर के.सी.बी., १९५० नंतर जी.सी.बी. यांतला कोणता आहे आणि कोणता नाही, एवढ्यावरून काही वर्षांच्या आत काळ बसवता येतो.

बढत्यांचा तक्ता करताना हुद्द्याचा एकच रकाना ठेवू नका. कायम, मिरवलेला, पद आणि लागू तारीख असे चार रकाने करा. १९३९ ची बेळगावची ओळ मग कर्नल, ब्रिगेडियर, कमांडंट, जून १९३९ अशी वाद न होता बसते.

युद्धानंतरची एक ओळ बहुतेक तक्त्यांत चुकते. १९४६ पासून स्लिम इंपीरियल डिफेन्स कॉलेजचे कमांडंट होते. ते सोडून १९४८ मध्ये ते सैन्यातून बाहेर पडले आणि नव्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या ब्रिटिश रेल्वेच्या कार्यकारी मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षी पंतप्रधान अॅटली यांनी त्यांना परत बोलावलं. मावळते सैन्यप्रमुख माँटगोमेरी यांना जॉन क्रॉकर हवे होते, आणि तसं त्यांनी क्रॉकर यांना सांगूनही टाकलं होतं. अॅटली यांनी ते मोडून काढलं. १ नोव्हेंबर १९४८ रोजी स्लिम इंपीरियल जनरल स्टाफचे प्रमुख, म्हणजेच सैन्यप्रमुख, झाले. हिंदी सैन्यातून आलेला अधिकारी या पदावर बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेव्हा हिंदी सैन्य स्वतः दोन देशांत वाटलं गेलेलं होतं. ४ जानेवारी १९४९ रोजी फील्ड मार्शल. निवृत्तीची तारीख म्हणून १९४८ लिहिणारे इथे फसतात, आणि १९५२ लिहिणारेही. १९५२ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल झाले. पण ब्रिटिश फील्ड मार्शल निवृत्त होत नसे, तो हयातभर सक्रिय यादीत राही. म्हणून त्यांच्या ओळीत निवृत्तीचा रकाना रिकामा ठेवायचा. १४ डिसेंबर १९७० ही त्यांच्या मृत्यूची तारीख, आणि यादीतून नाव निघण्याचीही तीच.